कात्रीने कापलेल्या चार ओळी

सोमवार, ६ जुलै

प्रिय धाकटीस,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच कचऱ्यात टाकशील, म्हणून पत्ता तुझ्या भाऊजींकडून लिहून घेतला. चिडू नकोस. उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. चार वर्षांत मी तुला तीन फोन केले आणि तिन्ही वेळा तू न बोलता ठेवून दिलेस. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही, निदान ठेवलं तरी ते तिथेच पडून राहतं.

आधी बातमी. बुधवारची बायकांची प्रार्थनासभा आता माझ्याकडे आली आहे. मोठ्या बाई मुलाकडे राहायला गेल्या, जाताना म्हणाल्या की हिच्याशिवाय दुसरी कोण सांभाळणार. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा मी नको म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा हो म्हटलं, कारण तिसऱ्यांदा विचारतील याची खात्री नव्हती. आता दर बुधवारी चार वाजता पार्लरला कुलूप लावते आणि चर्चच्या मागच्या खोलीत जाते. तीच खोली, तीच डुगडुगणारी बाकं, तीच खिडकी जी उघडली की बंद होत नाही. चौदाजणी असतात. मी बोलायला लागले की गप्प बसतात, त्यामुळे काम सोपं जातं.

आता त्या गोष्टीबद्दल. ती टाळून पत्र लिहिता येत नाही, मी दोनदा लिहून पाहिलं.

चार वर्षांपूर्वी तुझ्या मास्तरांना उपचार केंद्रात ठेवून तू परत आलीस, थेट माझ्या पार्लरमध्ये आलीस. मी तुझे केस धूत होते. डोळे मिटलेले, मान मागे टाकलेली, आणि तू म्हणालीस, "ताई, शाळेत पाठदुखी सांगितली आहे. दोन महिन्यांत दारू सुटेल असं डॉक्टर म्हणतात. तुझ्या पोटात ठेव." मी ठेवलं. नऊ दिवस ठेवलं. दहाव्या दिवशी बुधवार होता आणि मी सभेत मास्तरांसाठी प्रार्थना मागितली. चव्हाट्यावर नाही गेले मी. चौदा बायका गुडघे टेकून देवाकडे हात पसरतात तिथे गेले. शाळेत ते नेलं रेडिओने, मी नाही. त्या बाईला अख्खं गाव रेडिओ म्हणतं ते काही उगीच नाही. ती मुख्याध्यापकांकडे गेली, तिथून पालकांकडे पोचलं, मास्तर बरे होऊन परतले तेव्हा वर्गातली निम्मी पोरं पालकांनी दुसऱ्या तुकडीत हलवलेली. त्यांनी राजीनामा दिला आणि तुम्ही सामान बांधलंत. काडी लावणारीला सोडून तू पाणी घेऊन धावणारीवर रागावलीस, असं माझं म्हणणं आहे.

असो. आई गेली, बाबा गेले. आता 'आपल्या लहानपणी' असं म्हणून कोणाशी बोलायचं तर तू मला आणि मी तुला. चार वर्षं मी हे वाक्य कोणाशी बोललेले नाही. ये ना चार दिवस. पुढची खोली रिकामीच असते.

तुझी ताई


सोमवार, २० जुलै

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. बाकीच्यांची उत्तरं पानभर असतात, तुझं दीड ओळीचं. "ताई, पत्र मिळालं. तुला काय लिहू? जे लिहीन ते बुधवारी वाचलं जाईल."

पहिले दोन दिवस मी भयंकर चिडले. तुझ्या भाऊजींना विचार. मी त्यांना म्हटलं, बघा, मी सोन्यासारखं पत्र लिहिलं आणि ही काय बोलते. ते पेपरच्या मागून म्हणाले, "खोटं लिहिलंय का तिने?" तेवढंच म्हणून त्यांनी पान उलटलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हा माणूस वर्षातून चार वाक्यं बोलतो आणि चारही नेमकी लागतात.

तिसऱ्या दिवशी मी विषयवही काढली. तू सभेला यायची नाहीस म्हणून सांगते. सभेत जी बाई प्रार्थनेचा विषय देते ती तो वहीत लिहिते. चार रकाने आखलेले असतात, तारीख, विषय, कोणी दिला, उत्तर. प्रार्थना ऐकली गेली की उत्तराच्या रकान्यात मोठ्या बाई लाल शाईने बरोबरची खूण करायच्या. सगळ्या जुन्या वह्या आता माझ्या कपाटात आल्या आहेत. चार वर्षांपूर्वीची उघडली आणि माझंच अक्षर समोर आलं. मी लिहिलं होतं, "माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांची दारू सुटावी. सध्या ते पाठदुखीच्या नावाखाली उपचार केंद्रात आहेत." पुढे मास्तरांचं नाव, आडनावासकट. उत्तराचा रकाना कोरा.

मी ती ओळ कितीतरी वेळा वाचली. दारू सुटावी, इथवर ठीक आहे. पण 'पाठदुखीच्या नावाखाली' हे कशाला? देवाला हा तपशील लागत नव्हता. आडनावही लागत नव्हतं. ते बायकांसाठी होतं.

एवढं मी मान्य करते. याहून जास्त आज नको मागूस.

पण मी हात जोडून बसणारी नाही हे तुला माहीत आहे. ठरवलंय की जो माणूस समोर नाही त्याच्याबद्दल पार्लरमध्ये तोंड उघडायचं नाही. वाईट नाही आणि चांगलंही नाही, कारण माझं चांगलं तिसऱ्या वाक्याला कुठे जातं हे मला ठाऊक आहे. शास्त्रात जिभेला विस्तव म्हटलंय, आणि मी तर तिच्यावर दुकान चालवते. सकाळी एप्रनच्या डाव्या खिशात केसांच्या वीस पिना ठेवते. कोणा गैरहजर माणसाबद्दल बोलले की एक पीन उजव्या खिशात. पहिल्या दिवशी दुपारी बाराच्या आत वीसच्या वीस उजवीकडे. त्यातल्या सहा एकट्या रेडिओच्या.

आणि पार्लर एवढं शांत झालंय की ड्रायर बंद केला की घड्याळ ऐकू येतं. एक गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, घशाचं काही झालंय का?" दुसरीने मला कोमट पाणी प्यायला सांगितलं. म्हणतात ना, बोलणाऱ्याची बोरं विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. पण माझे गहू चांगले आहेत. विकले जातील.

ताई


सोमवार, ३ ऑगस्ट

धाकटे,

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहिणार आहे, तेव्हा तुझ्या पोस्टमनला सवय करून दे.

पिनांचा हिशेब असा. शनिवारी फक्त तीन उजवीकडे गेल्या. गप्प बसणं जमायला लागलंय, पण गोड बोलणं त्याहून अवघड निघालं. काल-परवापर्यंत एखादी पोर दुसरीकडून केस बिघडवून आली की मी सगळ्यांसमोर म्हणायची, "कोणी भादरलं गं तुला?" सगळ्या हसायच्या, तीही हसायची. परवा तशीच एक आली. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, मी ते गिळलं आणि म्हटलं, "बस, आपण हे सरळ करू." ती आरशात बघून रडायलाच लागली. म्हणाली, दोन दिवस घराबाहेर पडले नव्हते, तुम्ही काय म्हणाल याचीच भीती होती. धाकटे, त्या आधी हसलेल्या सगळ्या पोरी मला एकदम आठवल्या. आपण विनोदी आहोत असं मला बावीस वर्षं वाटत होतं.

आता एक गोष्ट. गेल्या गुरुवारी दुपारी, दुकान रिकामं असताना, एक बाई आल्या. तू त्यांना ओळखतेस, सभेतल्याच आहेत. मी केस धुवायला घेतले आणि माझ्या हाताला

[इथे कागदाला चौकोनी भोक आहे.]

हे मी फक्त तुला सांगते आहे.

[पान उलटल्यावर]

आता गुरुवारची ती बाई बाजूला ठेव. तुला मागच्या पत्रात म्हटलं होतं, याहून जास्त मागू नकोस. तू मागितलं नाहीस, म्हणून देते.

त्या बुधवारी माझ्याआधी भाजीवालीने विषय दिला होता. तिच्या मुलाला गाडीने उडवलं होतं, पाय जाईल की राहील असं झालं होतं. ती हुंदके देत होती. कोणी तिचा हात धरला, कोणी पाणी आणलं, मोठ्या बाई स्वतः उठून तिच्याजवळ बसल्या. नंतर माझी पाळी. माझा विषय काय होता माहीत आहे? गुडघा दुखतो. मी विषयवही हातात घेतली आणि मला लाज वाटली त्या गुडघ्याची. आणि माझ्यापाशी त्याहून मोठं होतं, तुझं दिलेलं. मी तोंड उघडलं आणि चौदा डोकी माझ्याकडे वळली. कोणीतरी माझाही हात धरला.

बरं वाटलं मला. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. देवाला सांगितलं, पण त्याला आधीच माहीत होतं. मी प्रार्थना मागितली नव्हती, तुझं दुःख स्वतःच्या अंगावर घालून मिरवलं होतं. म्हणून, धाकटे, मला

[भोक]

एवढंच. हे लिहायला चार वर्षं लागली आणि लिहून झाल्यावर भूक लागली. तुझे भाऊजी जेवायला थांबलेत.


मंगळवार, ४ ऑगस्ट, सकाळ

दुसरा कागद घेतला आहे. पहिल्यावर भोक दिसतंय ते उंदराचं काम नाही, माझं आहे.

पाकीट चिकटवायच्या आधी पहिलं पान वाचलं. 'हे मी फक्त तुला सांगते आहे' इथे येऊन थांबले. त्या बुधवारी विषय देऊन झाल्यावर मी काय म्हटलं होतं आठवलं. "फक्त आपल्यातच राहू दे हं." त्या बाईंनी माझ्यासमोर मान टाकली होती, तुझ्यासारखीच, डोळे मिटून. आणि मी ते चार ओळींत तुझ्या दारात पोचवायला निघाले, कशासाठी, तर माझी सुधारणा तुला दिसावी म्हणून. जित्याची खोड ती हीच.

खोडून चाललं नसतं. माझं खोडलेलं तू उजेडाला धरून वाचायचीस, शाळेत असल्यापासून. म्हणून कात्रीने चार ओळी कापून काढल्या आणि तुकडा भिजवून त्याचा लगदा केला. केसांच्या कात्रीने कागद कापू नये, धार जाते. जाऊ दे. नवीन पान लिहायला हवं होतं हे कळतं मला, पण मागचं ते सगळं पुन्हा लिहायची हिंमत नव्हती. हे असंच पाठवते. पहिलं गिऱ्हाईक दारात उभं आहे.

ताई


सोमवार, १७ ऑगस्ट

धाकटे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने वाचलं, मग बसावं लागलं.

"ताई, भोक पाहिलं. कोण बाई, काय झालंय, हे मी विचारणार नाही. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं आई म्हणायची, म्हणून तुझ्या हातून असं भोक पडेल हे मला खरं वाटेना. मास्तरांनाही दाखवलं. पण तू मागची बाजू बघितली नाहीस. मागे 'मला' आहे आणि खाली 'एवढंच' आहे. मधलं गेलंय. काय होतं तिथे?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आयुष्यात एकदाच ते लिहिलं, मनापासून लिहिलं, आणि तेच नेमकं कापलं. लगदाही टाकून दिला. तुझे भाऊजी हे ऐकून इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसत बसले. मग म्हणाले, "पुन्हा लिही." हे त्यांचं या वर्षातलं तिसरं वाक्य.

लिहू? दोन शब्दांचं काम आहे. पण तुला विचारल्याशिवाय लिहीत नाही. मागच्या वेळी जे काही केलं ते तुला न विचारता केलं होतं.

इकडे वेगळीच गंमत चालली आहे. ती गुरुवारची बाई सभेला येईनाशी झाली आहे. परवाच्या बुधवारी विषय निघालाच. एकीला वाटतं तिला गर्व झालाय, दुसरीला वाटतं ती माझ्याशी भांडली आहे. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. "तुमच्याकडे येते ना ती केसांना? तुम्हाला माहीत असणार."

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "माहीत आहे. सांगणार नाही."

धाकटे, सगळी डोकी पुन्हा माझ्याकडे वळली, पण यावेळी हात कोणी धरला नाही. एक म्हणाली, म्हणजे आम्ही परक्या. दुसरी म्हणाली, प्रार्थना करायची तर कळायला नको का. मी म्हटलं, नाव न घेता करू, ज्याला कळायला हवं त्याला कळेल. त्यांनी केली, पण तोंडं वाकडी करून. दोघींनी या आठवड्याची केसांची वेळ रद्द केली. आणि दाराशी कुजबुज ऐकली की वही दुसऱ्या कोणाकडे दिलेली बरी. मला वाईट वाटलं. खूप वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खिशात हात घातला तर वीसच्या वीस पिना डावीकडे होत्या.

आता रेडिओबद्दल. तिच्याबद्दल बोलायची परवानगी तिनेच दिली आहे, मी मागून घेतली.

शुक्रवारी ती केस कापायला आली. रद्द न करता आली, हे लक्षात घे. मी तिला कापड गुंडाळलं, केसांवर पाणी मारलं आणि म्हटलं, "मला तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही मास्तरांची गोष्ट शाळेत नेलीत असं मी चार वर्षं लोकांना सांगत आले."

"नेली होती," ती म्हणाली. "मुख्याध्यापकांना सांगायला गेले, की या माणसाची रजा वाढवून द्या, घाईने कामावर बोलावू नका. माझा भाऊ असाच घाईने कामावर गेला आणि पुन्हा पडला. मला वाटलं, जे वहीत आहे ते शाळेला माहीतच असणार. सख्ख्या बहिणीने लिहिलंय, म्हणजे लपवायचं नसणार."

मी कात्री खाली ठेवली.

"आणि तुम्ही मला रेडिओ म्हणता तेही माहीत आहे मला," ती आरशातून म्हणाली. "चार वर्षं माझ्या पाठीमागे उभ्या राहून माझे केस कापता आणि मी गेले की माझ्या पाठीमागे बोलता. मी तरी येतेच. घरी बोलायला कोणी नाही हो."

मी तिची माफी मागितली. तिच्या खांद्यावर माझा हात होता आणि त्यात कंगवा होता, त्यामुळे फार शोभेचं दृश्य नव्हतं. तिने मान हलवली आणि म्हणाली, "मागून थोडे जास्त घ्या, उकडतं." त्या दिवसापासून मी तिला रेडिओ म्हणत नाही. या पत्रात म्हटलं ते शेवटचं, तुला कळावं म्हणून.

तर आता हिशेब सरळ आहे. काडी कोणी लावली याचं उत्तर चार वर्षं माझ्याच कपाटात होतं, माझ्याच अक्षरात. मास्तर कसे आहेत हे मी विचारत नाही. तू सांगितलंस तर ऐकेन आणि तिथेच ठेवेन.

मधलं लिहू की नको, तेवढं कळव.

ताई


सोमवार, ३१ ऑगस्ट

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. "मधलं लिहू नकोस. लिहिलेलं तू पुन्हा कापशील. इथे ये आणि तोंडाने सांग, मला आणि मास्तरांनाही. शनिवार बरा पडेल. मास्तर म्हणतात, त्यांचे केस फार वाढलेत, इथला न्हावी डोक्याला टोपलं घातल्यासारखे कापतो."

शेवटची ओळ वाचून मी दुकानाच्या मागे जाऊन रडून घेतलं. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात मास्तर खांद्यावर टॉवेल टाकून बसायचे आणि मी त्यांचे केस कापायची, आठवतं ना? मी बोलत असायची आणि ते हूं हूं म्हणायचे. ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान झालं तो माणूस मला डोकं द्यायला तयार आहे. मी एवढी मोठ्या मनाची नाही. पण शिकते आहे.

येण्याआधी इथलं काम पुरं केलं. बुधवारी सभेत माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले. याची तयारी मी आठवडाभर केली होती, कारण अडचण तुझ्या लक्षात येईल. माफी मागताना मी मास्तरांचं नाव घेतलं असतं, तर तीच गोष्ट चौदाजणींना दुसऱ्यांदा सांगितल्यासारखी झाली असती. त्यातल्या पाच नवीन आहेत, त्यांना काहीच माहीत नाही. मला माझी चूक उघडी करायची होती आणि तुझं घर झाकलेलं ठेवायचं होतं. शेवटी तीन वाक्यं उरली. "या खोलीत मी एकदा दुसऱ्याचं दुःख विषय म्हणून दिलं. ते माझं नव्हतं, आणि मी ते देवासाठी नाही, तुमच्यासाठी सांगितलं. आज माझा विषय मी आहे, माझं नाव लिहून घ्या."

नव्यांपैकी एकीने विचारलं, "कोणाचं दुःख?"

मी काही म्हणायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "तिने सांगितलं ना, तिचं नव्हतं म्हणून." ज्या बाईला मी चार वर्षं रेडिओ म्हणत होते, तिचा तो आवाज. तिच्या शेजारची भाजीवाली मान खाली घालून हसली. तिच्या मुलाचा पाय राहिला, तो आता तिच्या गाड्यावर उभा राहतो, हे तिनेच सगळ्यांना सांगितलेलं आहे म्हणून लिहिते.

मग मी वही पुढे केली आणि म्हटलं, ज्यांना वाटतं ती दुसऱ्या कोणी सांभाळावी, त्यांनी घ्यावी. कोणी हात पुढे केला नाही. थोडा वेळ वाट बघितली आणि मी ती परत मांडीवर घेतली. मी काय, दुसऱ्यांदा विचारणारी नव्हते. आता नवा नियम केलाय, विषय स्वतःचाच द्यायचा. दुसऱ्या कोणासाठी असेल तर फक्त 'एका बहिणीसाठी' असं लिहायचं. आडनाव तर नाहीच नाही.

आणि ती भोकातली बाई आली. त्याच सभेत, अगदी शेवटी, दार ढकलून आत आली, बसली, आणि जे होतं ते स्वतःच्या तोंडाने सगळ्यांना सांगितलं. ज्यांनी तोंडं वाकडी केली होती त्याच सगळ्यात आधी उठून तिच्याजवळ गेल्या. जाताना तिने माझा हात दाबला. काय सांगितलं ते मी तुला तरीही लिहीत नाही. तिने चौदाजणींना सांगितलं, पंधराव्या तुला नाही.

सोबत एक कागदाची पट्टी आहे. जुन्या वहीतली ती ओळ, तारखेपासून उत्तराच्या कोऱ्या रकान्यापर्यंत. मोठ्या बाईंना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या काप. यावेळी मागच्या बाजूला कोणाचं काही नाही ना, हे दोनदा बघितलं. पट्टी मास्तरांच्या हातात दे. फाडायची, जाळायची की तो रकाना भरायचा, ते त्यांनी ठरवायचं. मला कळवलं नाही तरी चालेल.

शनिवारी सकाळच्या बसने निघते, अकरापर्यंत पोचेन. कात्रीला धार लावून आणली आहे. ते दोन शब्द चार वर्षं तुझ्यासमोर वापरलेले नाहीत, म्हणून रोज सकाळी दुकान उघडताना आरशासमोर मोठ्याने म्हणून बघते. तुझे भाऊजी विचारतात कोणाशी बोलतेस. त्यांचं यंदाचं चौथं वाक्य यात खर्च झालं.

दार तूच उघड. आणि उघडल्यावर ये म्हणू नकोस, बस म्हणू नकोस, किती वाळलीस असंही म्हणू नकोस. पहिलं वाक्य माझं आहे.

तुझी ताई